कोळ्यापेक्षा त्याचं लेबल मोठं

तुझं पत्र दोनदा वाचलं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, विषय प्राणिशास्त्र, गाव साताऱ्याजवळ. माळ्यावरचे आणि विहिरीच्या कडेचे कोळी लहानपणापासून बघत आलीस आणि आता संग्रहालयात कोळ्यांवर काम करणारी वैज्ञानिक व्हायचं म्हणतेस. तीन गोष्टी विचारल्यास: हे काम रोजच्या रोज नेमकं काय असतं, त्यासाठी काय शिकावं, आणि ‘कोळी बघून पोट भरतं का’ या वडिलांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं. मी एकतीस वर्षं एका सरकारी संस्थेत कोळ्यांचा संग्रह सांभाळला, त्यावर शोधनिबंध लिहिले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जे अनुभवातून कळलं ते सांगते. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तरही देते, पण ते शेवटाकडे.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘संग्रहालय’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या कपाटातला पेंढा भरलेला वाघ येतो, आणि ‘प्राणिसंग्रहालय’ म्हटलं तर थेट राणीची बाग. माझ्या सासरची मंडळी कित्येक वर्षं मी पिंजऱ्यातल्या जनावरांची देखभाल करते असंच समजत होती. आपण काम करतो तो भाग तिकीट काढून आलेल्या माणसाला दिसतच नाही. लांबलचक थंड खोली, लोखंडी रॅक, रॅकवर बरण्या, बरणीत स्पिरिट, आणि त्या स्पिरिटमध्ये बोटाएवढ्या काचेच्या नळ्या उलट्या ठेवलेल्या, तोंडाला कापसाचा बोळा. प्रत्येक नळीत कोळी आणि कागदाचं एक लेबल. बहुतेक नळ्यांत कोळी असतो तीन-चार मिलिमीटरचा आणि लेबल दोन सेंटिमीटरचं. कोळ्यापेक्षा त्याचं लेबल मोठं, हे तिथे अक्षरशः खरं असतं. नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाजवळ नेण्याआधी त्या खोलीत नेऊन हेच दाखवत असे.

मला हे कळलं ते नुकसान करून. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. ऑगस्टअखेर आंबोलीत आठ दिवस नमुने गोळा करत होतो. पाऊस असा की टॉर्चच्या आत पाणी शिरलं. रात्री खोलीवर परतल्यावर मी एकेका नळीत लेबल टाकत होते. लेबलांचं पेन भिजून बंद पडलेलं, म्हणून हाताशी असलेल्या बॉलपेनने लिहिलं. तीन आठवड्यांनी बरणी उघडली तर स्पिरिटला फिकट निळा रंग चढला होता आणि चाळीसहून जास्त नळ्यांतले कागद कोरे झाले होते. कोळी धडधाकट होते. पाय, काटे, आठही डोळे, सगळं शाबूत. पण कुठला झुडपावरचा, कुठला पालापाचोळ्यातला, कुठला घाटमाथ्यावरचा आणि कुठला खाली उतरल्यावरचा, ते सांगणारं आता काहीच उरलं नव्हतं. आमचे सर रागावले नाहीत. त्यांनी बरणीवर ‘शिकवण्यासाठी’ असं लिहिलं आणि ती वेगळ्या कपाटात ठेवली. त्या कपाटातल्या कोळ्यावर कुणी कधी शोधनिबंध लिहीत नाही. तेव्हापासून शिसपेन्सिल किंवा स्पिरिटमध्ये न विरघळणारी काळी शाई, तिसरं काही मी हातात धरलं नाही.

लेबलवर काय लिहायचं? राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कोळी नेमका कशावर होता, कसा पकडला आणि कुणी पकडला. यातलं एकही ‘नंतर लिहू’ म्हणून ठेवायचं नाही. आणि आधीच्या माणसाचं लेबल कधी फेकायचं नाही. ते चुकीचं वाटलं तरी आपलं नवीन लेबल त्याच्या शेजारी टाकायचं. जुन्या नळीत कधीकधी चार-चार लेबलं असतात, चार अक्षरांची, चार काळांतली. कुणी कोळ्याला एक नाव दिलं, कुणी ते बदललं, कुणी परत पहिल्यावर आणलं, तो सगळा वाद त्या नळीत वाचता येतो.

लेबल किती खोलवर वाचावं लागतं याचं एक उदाहरण देते, कारण ते आपल्याच देशातलं आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आर. आय. पोकॉक नावाचे शास्त्रज्ञ होते. ब्रिटिश भारतातल्या कोळ्यांवरचा पहिला मोठा ग्रंथ त्यांचाच, १९०० सालचा. त्याच्या आदल्या वर्षी, १८९९मध्ये, त्यांनी एका झळझळीत निळ्या, झाडावर राहणाऱ्या मोठ्या कोळ्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं पोसिलोथेरिया मेटॅलिका. नमुना एकच, आणि ठिकाण गुटी. गुटी म्हणजे आंध्रातलं रेल्वेचं जंक्शन. तिथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत तो सापडला होता. त्यानंतर शंभर वर्षं हा कोळी कुणाला दिसला नाही. पुन्हा सापडला तो २००१च्या सुमारास, गुटीहून साधारण १०० किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात. आजचा समज असा की तो मूळचा त्याच जंगलातला, आणि लाकडांबरोबर आगगाडीतून गुटीला पोचला असावा. म्हणजे लेबल खोटं नव्हतं. कोळी गुटीलाच सापडला होता. पण ‘सापडला कुठे’ आणि ‘राहतो कुठे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मी विद्यार्थ्यांना लेबलवर ठिकाणाच्या खाली एक ओळ जास्तीची लिहायला लावायचे: सागाच्या ढोलीत, नळाच्या पाइपाजवळ, भाजीच्या टोपलीत. गुटीच्या लेबलवर ‘लाकूडवखार’ हा शब्द किती मोलाचा ठरतो बघ.

त्याच कोळ्याच्या बाबतीत आज उलटी काळजी घ्यावी लागते. निळा रंग इतका देखणा की पाळण्याच्या हौसेपायी जगभर त्याची खरेदी-विक्री चालते. त्याचं मूळ जंगल शंभर चौरस किलोमीटरपेक्षा लहान, आणि ते तोडीने विस्कटलेलं. २०१९मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत पोसिलोथेरियाच्या सगळ्या प्रजाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातल्या, म्हणजे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला. आता अशा कोळ्यांवर लिहिताना नळीतल्या लेबलवर अक्षांश-रेखांश पूर्ण लिहायचे आणि छापताना मोघम ठेवायचे. हा निर्णय तुलाही कधीतरी घ्यावा लागेल.

आता रोजचं काम. सकाळी पहिली फेरी बरण्यांची. उन्हाळ्यात स्पिरिट उडतं. झाकण कितीही घट्ट असलं तरी थोडं उडतंच. नळी कोरडी पडली की कोळी आक्रसतो, पाय मोडतात, आणि एकदा वाळलेला कोळी पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून पातळी बघायची, भरायची, कापसाचा बोळा पिवळा पडला असेल तर बदलायचा. स्पिरिट ७० ते ८० टक्क्यांचं लागतं. जास्त तीव्र घेतलं तर पाय ठिसूळ होऊन हात लावताच गळतात, कमी घेतलं तर शरीर सडतं. डीएनएसाठी मात्र ९५ टक्क्यांच्या वर आणि थंडगार हवं, म्हणून नमुन्याचे एक-दोन पाय काढून वेगळ्या कुपीत फ्रीझरमध्ये ठेवतात, आणि त्या कुपीतही तेच लेबल. या कामाला कुणी मोठं समजत नाही. एका महाविद्यालयातला कोळ्यांचा संग्रह मला एकदा बघायला बोलावलं होतं. तो जमवणारे प्राध्यापक निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात अर्धा दिवस गेला. आत शंभरावर नळ्या, सगळ्या कोरड्या ठणठणीत, कोळ्यांच्या जागी तपकिरी भुकटी. लेबलं मात्र सुबक अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेली, जशीच्या तशी. मी ती लेबलं वहीत उतरवून घेतली, कारण निदान त्या माणसाने कुठे कुठे पायपीट केली होती ते तरी कळावं. त्या दिवसाचं दुःख अजून गेलेलं नाही.

यानंतर ओळख पटवण्याचं काम, आणि ज्यासाठी तू हे सगळं करायला निघालीस ते हेच. घरातला कोळी बघून ‘हा उडी मारणारा’, ‘हा जाळं विणणारा’ एवढं सांगता येतं. प्रजाती सांगायची तर प्रौढ कोळी लागतो आणि त्याचे जननावयव बघावे लागतात. नराच्या तोंडाजवळच्या दोन लहान पायांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखी फुगलेली असतात. त्यांतूनच तो मादीला शुक्राणू देतो. प्रत्येक प्रजातीत त्या टोकाचा काटा, आकडा, वळण वेगळं. मादीच्या पोटाखाली एक कडक पट्टी असते, तिचीही घडण तशीच वेगळी. पिल्लाला यातलं काहीच नसतं. म्हणून शेतातून पिल्लू आणलं तर आम्ही ते बरणीत पाळतो, फळमाश्या खायला घालतो, शेवटची कात टाकेपर्यंत थांबतो. कधी दोन आठवडे, कधी चार महिने.

एक मादी कशी बघतात ते सांगते. समज, पाचोळा चाळून काढलेला जमिनीवरचा एक काळपट कोळी आहे, पाच मिलिमीटरचा. बशीत तळाशी बारीक वाळू पसरून त्यावर स्पिरिट ओततो, म्हणजे कोळी उताणा टेकवून ठेवता येतो. काडीला बसवलेल्या केसाएवढ्या सुईने पोटाखालची ती पट्टी कडेकडेने सोडवायची. पट्टी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. श्वास रोखून काम करावं लागतं, चहा पिऊन लगेच बसलीस तर हात थरथरतो. सुटलेला तुकडा लवंगेच्या तेलाच्या थेंबात ठेवायचा. हळूहळू त्यातलं मांस काचेसारखं पारदर्शक होतं आणि आतल्या नळ्या दिसू लागतात. गोल गुंडाळलेल्या, शेवटी दोन लहान पिशव्या. तू ते बघत असतेस आणि खोलीभर लवंगेचा वास. माझी मुलगी लहानपणी म्हणायची, आईच्या ओढणीला दातदुखीचा वास येतो. मग सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या चित्रनळीतून, म्हणजे आतलं दृश्य कागदावर पडल्यासारखं दाखवणाऱ्या नळीतून, बघत कागदावर रेघ उमटवायची. नर असेल तर तोंडाजवळच्या त्या दोन लहान पायांपैकी डाव्याचं चित्र काढायचं अशी जगभरची रीत आहे, म्हणजे तुलना करताना दोन चित्रं शेजारी ठेवता येतात. फोटो घे, हवे तेवढे घे. पण चित्र काढल्याशिवाय नळी कुठून वळून कुठे गेली ते डोक्यात शिरत नाही. मी तरी हे कुणाचं झालेलं बघितलं नाही. आणि सोडवलेला तुकडा फेकायचा नाही. तो चिमुकल्या कुपीत घालून त्याच नळीत, त्याच लेबलाशेजारी.

एवढं झाल्यावर प्रश्न येतो: याला आधीच कुणी नाव दिलंय का? इथे बहुतेक लोक गळतात. कोळ्यांच्या नावांचा हिशेब १७५७पासून सुरू होतो. स्वीडनच्या क्लर्क यांनी त्या साली स्वीडनमधल्या कोळ्यांवर पुस्तक काढलं. प्राण्यांच्या नामकरणाची सुरुवात एरवी लिनियसच्या १७५८च्या ग्रंथापासून धरतात, पण क्लर्कच्या नावांसाठी नियमांत खास अपवाद आहे. तिथपासून आजवरची सगळी नावं ‘वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग’मध्ये आहेत. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतले नॉर्मन प्लॅटनिक यांनी ती यादी वर्षानुवर्षं सांभाळली, २००० ते २०१४ इंटरनेटवर चालवली, आणि मग ती स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे गेली. २०२२च्या एप्रिलमध्ये त्यात ५०,०००वी प्रजाती नोंदली गेली, दक्षिण अमेरिकेतला उड्या मारणारा एक कोळी. म्हणजे पन्नास हजारांपर्यंत यायला २६५ वर्षं लागली. तुला नाव शोधायचं तर आधी इथे जायचं, मग मूळ वर्णन काढायचं. मूळ वर्णन कधी इंग्रजीत, कधी सिमाँसारख्या जुन्या युरोपीय अभ्यासकाचं फ्रेंचमध्ये, कधी त्याच काळातल्या थोरेलचं लॅटिनमध्ये.

वर्णन पुरत नाही तेव्हा मूळ नमुना बघावा लागतो, ज्याच्यावरून नाव दिलं गेलं तो. त्याला होलोटाइप म्हणतात. आपल्या भागातल्या जुन्या प्रजातींचे होलोटाइप लंडनला, पॅरिसला, ब्रह्मदेशातल्या कोळ्यांचे इटलीतल्या जिनोव्हाला, आणि बरेच कोलकात्याला. स्वातंत्र्यानंतर भारतीय कोळ्यांवर सगळ्यांत जास्त काम केलं ते झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या बी. के. टिकादर यांनी, त्यातलं मोठं काम पुण्यात बसून. पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले. त्यांच्या १९८७च्या हँडबुकात भारतातल्या १०६७ प्रजाती आहेत. आज तो आकडा दोन हजारांच्या घरात गेला आहे. टिकादरांच्या काळातली चित्रं आणि वर्णनं आजच्या मानाने त्रोटक आहेत. आतल्या नळ्या दाखवलेल्या नाहीत, कधी फक्त मादी आहे आणि नराचा पत्ता नाही. म्हणून आज तरुण संशोधकांचं निम्मं आयुष्य त्याच नमुन्यांची पुन्हा तपासणी करण्यात जातं. कुणी याला टिकादरांच्या चुका काढणं म्हणतं, मला ते मुळीच पटत नाही. त्यांनी नमुना जपला आणि लेबल लिहिलं, म्हणूनच आज कुणाला तो पुन्हा उघडून बघता येतो.

नवीन प्रजाती सापडली की वर्तमानपत्रात बातमी येते, आणि तुझ्यासारख्या मुलींचं लक्ष तिथेच जातं. त्यात वाईट काही नाही. २०२१मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या उड्या मारणाऱ्या एका कोळ्याला इशियस तुकारामी हे नाव दिलं गेलं, २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना प्राण दिलेल्या पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ते नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आता जगाच्या पाठीवर कुणीही या कोळ्याबद्दल लिहील तेव्हा त्याला ते नाव लिहावंच लागेल. आणि हे नाव देणारा चमू बघ: वर्गीकरणतज्ज्ञ आणि निसर्ग अभ्यासक एकत्र होते. मुंबई-ठाण्यातल्या निसर्गवेड्या मंडळींनी आरे, येऊर धुंडाळून गेल्या काही वर्षांत जे काम केलंय त्याला तोड नाही. पण माझ्या एकतीस वर्षांत मी नवीन प्रजाती मोजक्याच लिहिल्या. जुनी नावं मार्गी लावली ती कितीतरी जास्त. एकाच कोळ्याच्या नराला एक नाव आणि मादीला दुसरं, पिल्लावरून दिलेलं तिसरं, असे गुंते सोडवण्यातच माझी वर्षं गेली, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

आता काय शिकावं. पदव्युत्तर अभ्यासक्रमात वर्गीकरणाचे तास कमी झालेत, त्यामुळे हे बाहेरूनच मिळवावं लागतं. विषयापेक्षा मार्गदर्शक आधी शोध. पुण्यात आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. मुंबईत बीएनएचएसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा, संग्रह आहे, ती संस्था १८८३ची. केरळात इरिंजालकुडाचं क्राइस्ट कॉलेज आणि कोचीतलं तेवरा इथलं सेक्रेड हार्ट कॉलेज, या दोन ठिकाणी कोळ्यांवर पिढ्या घडल्या आहेत. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात दर्यापूरच्या महाविद्यालयातही कोळ्यांवर काम होतं. पत्र पाठव, उन्हाळ्याचे दोन महिने मागून घे, नळ्या भरायचं काम मिळालं तरी कर. डीएनएचं तंत्र शीक, नकाशे काढायला शीक. पण हाताने चित्र काढायला आजपासून लाग. आणि एकच कुळ धर. ‘मला सगळे कोळी आवडतात’ म्हणणारा माणूस दहा वर्षांनी कुठेच पोचलेला नसतो. मला ज्या कुळाने धरलं ते दिसायला अगदी साधं, तपकिरी, रात्री दगडाखाली पळणारं. सुंदर कोळ्यांवर काम करणारे पुष्कळ असतात.

गोळा करायला महागडं सामान लागत नाही. जुनी छत्री उलटी धरून झुडूप काठीने झटकायचं, छत्रीत पडेल ते बघायचं. पाचोळा चाळणीने चाळायचा. जमिनीत पेले पुरायचे, म्हणजे पळणारे कोळी त्यात पडतात. रात्री कपाळाला टॉर्च बांधून माळावर उभी राहा, लांडगा-कोळ्यांचे डोळे गवतात हिरवट चमकतात, शेकड्यांनी. जिवंतपणीच फोटो काढ, कारण स्पिरिटमध्ये रंग टिकत नाही. हिरवागार लिंक्स कोळी काही दिवसांत फिकट पिवळट होतो. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन खात्याची लेखी परवानगी असल्याशिवाय कोळ्यालाही हात लावायचा नाही, त्यासाठी नागपूरच्या वन्यजीव विभागाकडे अर्ज जातो आणि वेळ लागतो. नवीन प्रजाती लिहिलीस तर जैवविविधता कायद्याप्रमाणे नमुना मान्यताप्राप्त भांडारात जमा करावा लागतो. घरी ठेवायचा नसतो. मला हा नियम मनापासून आवडतो.

आणखी एक काम आहे ज्याचा उल्लेख जाहिरातीत नसतो. फोन. ‘बाळाच्या अंगावरून कोळी गेला आणि फोड उठले.’ असे शेकडो फोन मी घेतले. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा पेडेरस नावाचा एक बारीक, केशरी-काळा भुंगेरा असतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्यातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. एक-दोन दिवसांत फोड येतात, तेवढ्यात भिंतीवर कोळी दिसतो आणि दोष त्याच्यावर जातो. मी प्रत्येकाला आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगायचे आणि मग विचारायचे, रात्री दिवा उघड्या खिडकीजवळ होता का? बहुतेक वेळा ‘हो’ यायचं. या फोनांना कधी कंटाळू नकोस. भिंतीवरचा तो भलामोठा, चपटा कोळी झाडूने मारायच्या आधी एखादी बाई थबकली, तरी त्या दिवसाचं काम झालं असं मला वाटायचं. तो झुरळं खातो हे मी तिला सांगितलेलं असायचं.

आता वडिलांचा प्रश्न. त्यांना खरं ते सांग. कायम वैज्ञानिक म्हणून जागा फार कमी निघतात. देशभरात मोजक्या, आणि त्यात सगळे प्राणी आले, कोळी त्यातला एक कोपरा. जागा मिळाली तर चिंता नाही: वैज्ञानिक-बी हे सुरुवातीचं पद सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल १०मध्ये येतं, मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून. त्याआधी पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. नेट-जेआरएफ ही राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. ती नसेल तर एखाद्या प्रकल्पावर कमी पैशांत, आणि प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या पाच जणांपैकी संग्रहालयात आम्ही दोघंच राहिलो. दोघं महाविद्यालयात शिकवतात आणि सुट्टीत कोळ्यांवर लिहितात, त्यांचं काम माझ्यापेक्षा कमी प्रतीचं मुळीच नाही. पाचवा औषध कंपनीत गेला. म्हणून नेटबरोबर प्राध्यापकीसाठी लागणारी महाराष्ट्राची सेट परीक्षाही देऊन ठेव. प्राध्यापकी हा पडता काळ काढायचा पर्याय आहे असं समजू नकोस, आपल्याकडचं कोळ्यांवरचं कितीतरी काम प्राध्यापकांनीच केलंय.

अडचण आणखी एक आहे आणि ती तुला कुणीतरी आधी सांगायला हवी. वर्गीकरणाच्या शोधनिबंधांना उद्धृतं कमी मिळतात, म्हणजे दुसरे संशोधक आपल्या निबंधांत त्यांचा दाखला कमी देतात. मुलाखतीत इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाला सरासरी किती उद्धृतं मिळतात तो आकडा, विचारतात आणि आपले आकडे लहान दिसतात. २०२०मध्ये तर झूटॅक्सा या आमच्या सगळ्यांत मोठ्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर काही काळ काढून घेतला होता, कारण म्हणे ते स्वतःचेच निबंध फार उद्धृत करतं. ज्या विषयाचे बहुतेक निबंध एकाच ठिकाणी छापतात तिथे दुसरं काय होणार! जगभरातून ओरड झाल्यावर तो परत दिला. या मोजमापाने स्वतःची किंमत ठरवू नकोस. पण अर्ज करताना ते मोजमाप लागू होणार आहे हे ध्यानात ठेव आणि पीएच.डी.त वर्गीकरणाबरोबर एखादा परिसंस्थेचा किंवा डीएनएचा भाग ठेव. मी ठेवला नव्हता, त्यामुळे बढतीला चार वर्षं उशीर झाला.

तुला हे जमेल का, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. तुझं तुलाच कळेल अशी एक गोष्ट सांगते. येत्या रविवारी घरातला एक मेलेला कोळी शोध. न्हाणीघराच्या कोपऱ्यात जळमटात सापडेल. स्वस्तातलं एक भिंग आण. त्याचे डोळे किती ओळींत आहेत, मोठे कुठले, छोटे कुठले, ते कागदावर काढ. मग पायांवरचे काटे. मग पोटाखालची बाजू. तीन तास एकाच कोळ्यासमोर बस आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव. औषधाच्या छोट्या बाटलीत निर्जंतुक करायचं स्पिरिट मिळतं ते घाल, त्यात कोळी घाल. जाडसर पांढऱ्या कागदाची पट्टी काप आणि शिसपेन्सिलने लिही: जिल्हा सातारा, तालुका, गावाचं नाव, न्हाणीघर, दक्षिणेकडची भिंत, छताखाली हातभर, तारीख, तुझं नाव. पट्टी बाटलीच्या आत टाक, बाहेर चिकटवू नकोस, चिकटवलेली गळून पडते.

चित्र आणि लेबल, दोन्हीचे फोटो मला पाठव. कोळी कुठला ते आपण दोघी मिळून बघू.